प्रति: पक्षाघात, पण ईसीजी व कॅरोटिड डॉपलर नॉर्मल

पक्षाघात झाला, पण ईसीजी आणि कॅरोटिड डॉपलर (मानेतल्या धमन्यांची सोनोग्राफी) नॉर्मल, मग मेंदूत गुठळी आली कुठून, असा प्रश्न होता. वर गुठळीच्या कारणांत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) आणि हृदयाच्या झडपांचे आजार आले, पण हृदयातल्या साध्या (कर्करोग नसलेल्या) गाठी राहून गेल्या. तरुण रुग्णाला पक्षाघात झाला आणि हृदयाचे ठोके नियमित असतील, तर हे कारण शोधायलाच हवं.

अशी एक गाठ म्हणजे मिक्सोमा. ती बहुतेकदा डाव्या कर्णिकेत (हृदयाच्या वरच्या कप्प्यात), दोन कर्णिकांमधल्या पडद्याला देठाने लोंबकळते. गुळगुळीत, घट्ट गाठ मोठी झाली की मायट्रल झडपेची (डाव्या बाजूच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या झडपेची) वाट अडवते. जेलीसारख्या, झालरदार गाठीचे तुकडे मात्र सहज सुटतात आणि रक्तातून मेंदूत जाऊन अडकू शकतात. म्हणजे आकार लहान म्हणून धोका कमी, असं अजिबात नाही. दुसरी गाठ पॅपिलरी फायब्रोइलास्टोमा. ही बहुधा झडपेवर, त्यातही एओर्टिक झडपेवर (हृदयातून महाधमनीत उघडणाऱ्या) असते, साधारण 1 सेंमीची. छातीवरून केलेल्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ती सहज निसटते, म्हणून शंका असेल तर अन्ननलिकेतून इको करून घ्यावा.

रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांवर विसंबून राहू नका. गाठीवर जमलेली गुठळी त्यांनी रोखता येईल, पण सुटलेला तुकडा गाठीचाच असेल तर गोळी काय करणार? मिक्सोमावर उपाय शस्त्रक्रियाच, आणि तीही लवकर. देठासकट पडद्याचा थोडा भाग काढतात, नाहीतर गाठ पुन्हा उगवू शकते. नंतरही ठरावीक काळाने इको हवाच.

आणि हो, मेंदूच्या किंवा पायाच्या धमनीतून काढलेली गुठळी फेकू नये, पॅथॉलॉजीला पाठवावी. कधीकधी निदान तिथेच होतं.