मदत हवी आहे: बंदराच्या दीपगृहाची तीन वर्षं आणि दोन उंच्या, कुठली धरायची?

बंदरपट्टी
नमस्कार मंडळी. बंदराच्या तोंडाशी असलेल्या, आता बंद पडलेल्या दीपगृहाचा इतिहास माहितीफलकासाठी लिहायचा आहे. नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत.

दारावरच्या दगडात एक वर्ष कोरलंय, भिंगाच्या पितळी पट्टीवर त्यानंतर बावीस वर्षांनीचं आहे, आणि प्रकाशयादीत (जहाजांसाठी छापलेल्या दिव्यांच्या यादीत) या दोन्हींच्या मधलं तिसरंच. उंची एका कागदावर 11 मीटर, दुसऱ्यावर 17. जुन्या यादीत दर 30 सेकंदांनी एक चमक, नंतरच्या यादीत दर 5 सेकंदांनी. टप्पा, म्हणजे दिवा किती दूरवरून दिसतो ते अंतर, आधी 13 सागरी मैल, मग 9. म्हणजे मधे भिंग बदललं आणि दिवा मंद केला, असं लिहू का? भिंगाला आठ बाजू आहेत, प्रत्येकीच्या मध्यभागी गोल भिंग. खाली ओतीव लोखंडाची रिकामी गोल पन्हळ आहे, तिच्या तळाशी करडी पूड आणि बारीक चमकदार मणी दिसतात. जाणकारांनी कृपया सांगावं.

पारा_सावधान
बाकीचं नंतर, आधी ते मणी. तो पारा आहे. नेहमीच्या तापमानालाही त्याची वाफ होते, आणि कंदीलघर, म्हणजे दिव्याची वरची खोली, काचांनी बंद, वर उन्हाने तापलेलं. पन्हळीत हात घालू नका, झाडू नका. व्हॅक्युम क्लीनर तर अजिबात नको, त्याने वाफ खोलीभर पसरते. झरोके उघडा, खाली या आणि ज्यांच्या ताब्यात इमारत आहे त्यांना लेखी कळवा. पाऱ्याची तपासणी होईपर्यंत वर मोजमाप नको. भिंतीचा जुना रंगही कोरडा खरवडू नका, त्यात शिसं असण्याची दाट शक्यता.

जुना_चार्ट
वर्षांचा गुंता फारसा अवघड नाही. दीपगृहाला एकच जन्मतारीख नसते. मनोरा, भिंग, दिवा आणि चमकेची लय या चारांच्या चार वेगळ्या वह्या करा.

दगडावरचं वर्ष बहुधा पायाभरणीचं, कधी बांधकाम संपल्याचं. दिवा पेटला कधी, हे त्या काळच्या 'नाविकांसाठी सूचना'मध्ये सापडतं, कारण नवा दिवा लागण्याआधी जहाजांना कळवावंच लागे. यादीतलं वर्ष त्या जागी पहिला दिवा कधी लागला याचं असू शकतं किंवा आत्ताच्या मनोऱ्याचं. यादीच्या सुरुवातीची स्पष्टीकरणं वाचल्याशिवाय तो रकाना वापरू नका. पट्टीवरचं वर्ष फक्त उपकरणाचं.

जुने सागरी नकाशे बघताना छापल्याचं वर्ष धरू नका. ब्रिटिश ॲडमिरल्टीच्या नकाशांवर खालच्या डाव्या कोपऱ्यात किरकोळ दुरुस्त्यांची वर्षं आणि क्रमांक असतात, त्या प्रतीतला मजकूर तिथवरचा. आणि दोन नकाशांत दीपगृह शंभरेक मीटर सरकलेलं दिसलं तर 'नवीन जागी बांधलं' असं लिहून मोकळं होऊ नका. बहुतेक वेळा नकाशाचा पाया, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा संदर्भ, बदललेला असतो.

उधाणरेषा
उंच्या दोन्ही बरोबर असाव्यात. 11 मीटर ही जमिनीपासून टोकापर्यंत इमारतीची उंची. 17 मीटर ही दिव्याच्या मध्याची, उधाणाच्या सरासरी भरतीच्या पातळीपासून. मनोरा खडकावर असेल तर दुसरा आकडा मोठा येणारच.

टप्प्याचं गणित करून बघा. भौगोलिक टप्पा = 2.08 × (√दिव्याची उंची + √डोळ्याची उंची), उंची मीटरमध्ये, उत्तर सागरी मैलांत. √17 म्हणजे 4.12. डोळा 5 मीटरवर धरला तर √5 म्हणजे 2.24. बेरीज 6.36, गुणिले 2.08 = 13.2. हाच तुमचा 13. दिव्याच्या ताकदीचा यात संबंधच नाही, फक्त पृथ्वीच्या गोलाईचा आहे. ब्रिटिश नकाशांवर 1972 पर्यंत साधारण हाच टप्पा छापत, प्रकाशच त्याहून कमी पोचत असेल तर तो कमी आकडा. नंतर प्रकाशाच्या तीव्रतेवरून काढलेला टप्पा आला, 10 मैल दृश्यमानता धरून. 13 चे 9 झाले ते या पद्धतीच्या बदलामुळेही असू शकतं. 'दिवा मंद केला' हे वाक्य पुराव्याशिवाय नको.

लोलक_आणि_वात
आता लयीचा प्रश्न, यात खरी गंमत आहे. आठ बाजूंचं फिरतं भिंग एका फेरीत आठ झोत देतं. दर 30 सेकंदांनी चमक म्हणजे एक फेरी 240 सेकंदांची, चार मिनिटं. दर 5 सेकंदांनी म्हणजे 40 सेकंदांची. भिंग तेच, वेग सहापट.

आधी भिंग छोट्या चाकांवर, कड्यावरून फिरे. घर्षण जास्त, चाकं एकाच बाजूने झिजत, म्हणून मोठी भिंगं सावकाशच फिरवावी लागत. 1890 च्या सुमारास फ्रेंच दीपगृहखात्यात बुर्देल यांनी भिंग पाऱ्यावर तरंगवायची पद्धत आणली आणि जड भिंगही बोटाने ढकलता येऊ लागलं. पन्हळ ओतीव लोखंडाची, कारण पारा लोखंडात मिसळत नाही, पितळेला मात्र धरतो. तुमच्या पट्टीवरचं वर्ष 1890 च्या आधीचं असेल तर पन्हळ नंतर बसवलेली. लय ज्या सूचनेने बदलली तिच्या आसपास हे काम झालं असणार.

वेग वाढला की प्रत्येक चमक तेवढीच छोटी होते आणि डोळ्याला फिकी वाटते. म्हणून त्याच सुमाराला दिवाही बदललेला असतो, बरेचदा वातीऐवजी रॉकेलच्या वाफेवर जाळी तापवणारा. आर्थर किटसन यांचा तसा बर्नर 1901 चा. हवेचा पंप लावलेली तेलाची टाकी आणि बारीक तांब्याची नळी उरली आहे का बघा. त्याऐवजी गॅसच्या नळ्या आणि छपराशी काळी दांडी, तिच्याभोवती तीन चकचकीत दांड्या असं उपकरण असेल तर ती स्वीडनच्या गुस्ताफ डालेन यांची सूर्यझडप, म्हणजे उजेडावर चालणारी गॅसची झडप, 1907 ची. उजेडात काळी दांडी तापून लांबते आणि गॅस बंद करते. ही आली की राखणदाराची नोंदवही पातळ होत जाते किंवा थांबते, तेही तारीख लावायला उपयोगी.

भिंगाचा दर्जा, म्हणजे आकाराचा वर्ग, ज्योतीच्या मध्यापासून काचेच्या आतल्या बाजूपर्यंतच्या अंतरावरून ठरतो: 500 मिमी तिसरा, 250 चौथा, 187.5 पाचवा, 150 सहावा. बाहेरून व्यास मोजून दर्जा ठरवला तर हमखास चुकतो.

बंदरपट्टी
सर्वांचे आभार. कळवलंय, खोली बंद केली. आधीच काढलेल्या फोटोंत पन्हळीखाली घासलेलं लोखंडी कडं दिसतंय. शेवटचे दोन प्रश्न. भिंग दुसऱ्या दीपगृहातून आणलेलं असेल का? आणि यादीत '270° ते 285° पांढरा' आहे, पण नकाशावर काढला तर तो पट्टा डोंगरात जातो.

जुना_चार्ट
कोन समुद्राकडून दिलेले असतात. जहाजातून दिवा 270° ला दिसतो, म्हणजे जहाज दिव्याच्या पूर्वेला. प्रत्येक कोनातून 180 वजा करा: 90° ते 105°. पट्टा पाण्यात येईल.

लोलक_आणि_वात
घासलेलं कडं म्हणजे चाकांचा रस्ता, छान पुरावा आहे. भिंग मूळचं की आणलेलं हे बैठकीवरून पाहा. भिंगाचा मध्य कंदीलघराच्या काचेच्या मध्याशी जुळायला हवा, आडवी पट्टी समोर येता कामा नये. बैठकीखाली जास्तीचे लोखंडी ठोकळे, जमिनीत रिकामी बोल्टभोकं किंवा चौकटींवर न जुळणारे क्रमांक दिसले तर जोडाजोड झालेली आहे. पण तीच भोकं चाकं काढून पन्हळ बसवतानाही पडतात, तेव्हा पारा साफ झाल्यावर आधी बोल्टांची वर्तुळं मोजा. कड्याशी एककेंद्री नसलेलं वर्तुळ सापडलं तरच परक्या भिंगाचा संशय घ्या.