शब्दचर्चा : खेळ चालवणाऱ्याला काय म्हणावे?

केळीपट्टा (जळगाव)

आम्ही काही मित्र 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिका-खेळाची (एक जण खेळ चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेऊन बोलत कथा पुढे नेतात) पाचवी आवृत्ती खेळतो. पात्रांचे बोलणे निम्मे मराठीत आणि निम्मे अहिराणीत चालते, परंतु नियमांचा विषय निघाला की एकही मराठी शब्द ऐकू येत नाही. नवख्या खेळाडूंसाठी दोन पानांचे मराठी टिपण करावयाचे आहे. खेळ चालवणाऱ्या 'गेम मास्टर'साठी 'सूत्रधार' हा शब्द योजावा असे आमच्यातील बहुतेकांचे मत आहे. तो योग्य वाटतो का? तसेच 'रोल', 'कॅम्पेन' आणि 'रेलरोडिंग' यांसाठी काय वापरावे?

भुसावळकर

सोपे शब्द आधी निकालात काढू. 'रोल'साठी नवा शब्द घडवण्याचे कारणच नाही, कारण सारीपाटापासून मराठीत 'दान' आहे. फासे टाकतात आणि दान पडते. मनासारखे दान पडले, उलटे दान पडले, असे आपण हातात फासा नसतानाही म्हणतो. 'कॅम्पेन'ला, म्हणजे अनेक दिवस चालणाऱ्या सलग खेळाला, 'मोहीम' हा शब्द मुळाला धरून आहे, कारण गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला आणि 1974 साली प्रसिद्ध झालेला हा खेळ लहान सैनिकांच्या बाहुल्या मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांतून निघाला आणि 'कॅम्पेन' हा शब्दही तिथूनच, लष्करी अर्थासह, सोबत आला. एका दिवसाच्या खेळाला 'बैठक' म्हणावे.

'रेलरोडिंग'विषयी मात्र जपून राहावे. कोणी तरी त्याचे 'रुळावरून नेणे' असे भाषांतर करील, आणि जंक्शनच्या गावात राहणाऱ्या माझ्यासारख्याला ते मुळीच पटणार नाही. गाडी रुळावर येणे ही आपल्याकडे समाधानाची गोष्ट असते आणि घसरणे ही काळजीची. म्हणजे ज्या शब्दाने इंग्रजीत तक्रार होते, त्याच्या भाषांतराने मराठीत प्रशस्ती होईल. खेळाडूंनी डोंगरवाट धरली काय किंवा नदी ओलांडली काय, चालवणाऱ्याने त्यांना आधी ठरवून ठेवलेल्या प्रसंगापाशीच आणून उभे करावे, या प्रकाराला 'फरफट' हा आपला रोजच्या वापरातला शब्द पुरेसा आहे. 'मागच्या मोहिमेत आमची फरफट झाली' हे वाक्य कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही.

'सूत्रधार' रुळलेला शब्द आहे, तोच ठेवावा.

धुळेकर

भुसावळकर भाऊंची 'फरफट' मला मान्य आहे, पण ज्या कारणासाठी ती मान्य आहे त्याच कारणासाठी 'सूत्रधार' अमान्य आहे. संस्कृत नाटकातला सूत्रधार प्रस्तावना करून निघून जातो, आणि आजच्या मराठीत तर कटाचा मुख्य सूत्रधार पोलिसांच्या हाती लागतो. दोन्ही अर्थांत नाटक किंवा कट आधीच रचलेला असतो. हे बिरुद लावून बसलेला माणूस घरून कथानक लिहून आणणार आणि इतरांना त्यात पात्रे म्हणून वागवणार, ही भीती मला कल्पनेतली वाटत नाही. तसे टेबल मी पाहिले आहे.

दुसरे असे की, या खेळांच्या कर्त्यांचेही या नावावर एकमत नाही. 1974 च्या पुस्तिकांत चालवणाऱ्याला रेफरी म्हटले आहे आणि 1977 च्या 'ट्रॅव्हलर'मध्येही रेफरीच आहे. 1981 च्या 'कॉल ऑफ कथुलू'मध्ये तो कीपर होतो, 1991 च्या 'व्हँपायर : द मास्करेड'मध्ये स्टोरीटेलर, आणि 2010 च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये एमसी (मास्टर ऑफ सेरेमनीज). प्रत्येक पद्धतीत त्याचे कामच निराळे असल्यामुळे नावही निराळे आहे.

उदाहरणार्थ, अशिरगडाच्या दरवाजावर पहारेकरी उभा आहे आणि एका खेळाडूला त्याची समजूत घालून आत शिरावयाचे आहे. पाचव्या आवृत्तीत चालवणारा काठिण्य ठरवतो, समजा 15. खेळाडू वीस बाजूंचा फासा टाकून त्यात पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवतो, आणि बेरीज 14 आली तर सामान्यतः समजूत पटलेली नसते. इथे हवा असतो तो निःपक्षपाती 'पंच'. 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'च्या वळणाच्या खेळात सहा बाजूंचे दोन फासे टाकून त्यांत पात्राच्या गुणाचा आकडा मिळवतात: बेरीज 10 किंवा अधिक आली तर काम फत्ते, 6 किंवा कमी आली तर संकट, आणि 7 ते 9 आली तर काम होते पण काहीतरी मोजून. पहारेकरी दार उघडतो, मात्र कमरेची कट्यार गहाण ठेवा म्हणतो, किंवा किल्लेदाराला वर्दी द्यायला माणूस पाठवतो. नियमपुस्तक हे तपशील पुरवत नाही; ते त्याच क्षणी सुचावे लागतात आणि मग खेळाडूकडे वळून विचारावे लागते, 'आते काय करशी?' या माणसाला पंच म्हटले तर त्याचे अर्धे काम नावाबाहेर राहते.

माझ्या मते नवख्यांना खेळ शिकवण्यास हीच दुसरी पद्धत अधिक सोयीची आहे, कारण सपशेल 'नाही' असे उत्तर तीत क्वचितच मिळते. पण चालवणारा नवखा असेल तर पाचवी आवृत्ती बरी, कारण त्याला आकड्यांचा आधार राहतो.

अमळनेरची ताई

दोघाही भाऊंनी मुलांच्या खेळातला शब्द विचारात घेतला नाही, याचे नवल वाटते. लपाछपीत 'राज्य' कोणावर, असे आपण विचारतो. काही घरांत 'डाव आला' असेही म्हणतात. नावात राज्य असून ते कोणालाच नको असते आणि आले की सर्वांविरुद्ध एकटे उभे राहावे लागते. भूमिका-खेळांच्या गटांची नेमकी हीच अडचण आहे: पात्र घ्यायला पाच जण तयार असतात, चालवायला कोणी नाही, आणि एकदा ज्याने चालवला त्याच्याच गळ्यात ते काम वर्षभर पडते. 'या मोहिमेत राज्य माझ्यावर, पुढच्या मोहिमेत तुझ्यावर' असे आधीच ठरले तर ही ओढाताण थांबेल. त्या व्यक्तीचे नाव म्हणून हा शब्द चालणार नाही, हे मान्य. चालवणारा काही खेळाडूंचा शत्रू नव्हे. पाळीसाठी मात्र तो वापरावा.

त्याच घरातले आणखी दोन शब्द. पहिल्या बैठकीला आलेल्याला 'लिंबूटिंबू' धरावे, म्हणजे त्याचे पात्र मरणार नाही एवढी सवलत उघडपणे द्यावी. ती उघडपणे देणे महत्त्वाचे आहे, कारण पडद्यामागे दान पाहून चालवणाऱ्याने दुसराच आकडा सांगणे, मग ते खेळाडूच्या भल्यासाठी का असेना, हा माझ्या लेखी 'रडीचा डाव' आहे. दान मानायचे नसेल तर फासा टाकूच नये.

धुळेकर

ताईंच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत आहे. ते टिपणात जसेच्या तसे घालावे.

केळीपट्टा (जळगाव)

सर्वांचे आभार. पाचव्या आवृत्तीच्या टिपणात 'पंच', 'दान', 'मोहीम', 'बैठक' आणि 'फरफट' असे शब्द घेत आहे, आणि पाळीसाठी ताईंचे 'राज्य'. पावसाळ्यात 'कॉल ऑफ कथुलू' खेळण्याचा बेत आहे. त्यातल्या कीपरला 'राखणदार' म्हणावे असे सुचते, कारण गूढ विद्येची राखण करणारा हाच तिथला अर्थ आहे आणि भयकथेच्या खेळात हे नाव शोभूनही दिसेल. हरकत असल्यास टिपण छापण्यापूर्वी कळवावे.