टेरी प्रॅचेट कुठून सुरू केलात? अनुभव सांगा

चार हत्तींच्या पाठीवर तोललेली चपटी दुनिया आणि ते हत्ती उभे एका अवाढव्य कासवावर. दिग्गज आणि कूर्म आपल्याला नवे नाहीत, पण एवढ्या भांडवलावर इंग्रज लेखक टेरी प्रॅचेटच्या ‘डिस्कवर्ल्ड’ या विनोदी फँटसी मालिकेच्या ४१ कादंबऱ्या आल्या, १९८३ ते २०१५. कुणाला सुचवायला गेलं की प्रश्न ठरलेला: क्रमानेच वाचायच्या का? तुम्ही कुठून शिरलात, काय वाचलंत, काय ऐकलंत ते टोपणनावाने लिहा. शेवट फोडू नका.

उलथनं
‘गार्ड्स! गार्ड्स!’पासून. अंख-मॉर्पोर्क हे बकाल शहर, कुणी हिंग लावून न विचारणारे रात्रपाळीचे शिपाई आणि त्यांचा दारुडा कॅप्टन व्हाइम्स. पण मी कायमची अडकले ती ‘मेन ॲट आर्म्स’मधल्या बुटांच्या हिशेबात. व्हाइम्सचा पगार महिना ३८ डॉलर. चांगले बूट ५० डॉलरला, वर्षानुवर्षं टिकणारे. त्याला परवडतात ते १० डॉलरवाले, एक-दोन मोसमांत झिजणारे. दहा वर्षांत गरीब माणूस बुटांवर १०० डॉलर घालवतो आणि पाय ओले ते ओलेच. आमच्याकडे जूनमध्ये शाळेसाठी प्लास्टिकच्या सँडल यायच्या. गणपतीपर्यंत पट्टा तुटायचा, मग आई उलथनं गॅसवर तापवून तो डागून चिकटवायची. घरभर जळका वास. पुढे अर्थशास्त्रात एमए केलं, पण हे इतकं सरळ तिथे कुणी मांडलं नाही.

फास्ट लोकल
मी वाचलंय कमी, ऐकलंय जास्त, डोंबिवली ते सीएसएमटी. प्रॅचेटची अर्धी गंमत तळटीपांत आणि ऑडिओत त्यांचीच पंचाईत. २०२२पासून आलेल्या नव्या ध्वनिमुद्रणांत तळटीपा अभिनेता बिल नाय वाचतो आणि मृत्यू या पात्राचा आवाज पीटर सेराफिनोविचचा. आवाज बदलला की तळटीप आली, गोष्ट तुटत नाही. लेडीज डब्यात एकटीच हसते, लोक बघतात. बघू देत. टोनी रॉबिन्सनने वाचलेल्या जुन्या आवृत्त्या संक्षिप्त आहेत, त्या घेऊ नका. माणूस वाचतो झकास, पण प्रॅचेटमधून कापायचं काय?

माजघर
कादंबरीचा धीर नसेल तर ‘अ ब्लिंक ऑफ द स्क्रीन’ हा कथासंग्रह घ्या. त्यातली ‘द सी अँड लिटल फिशेस’: जादूगारणींची स्पर्धा दरवर्षी ग्रॅनी वेदरवॅक्सच जिंकते, म्हणून बाकीच्या तिला म्हणतात, यंदा भाग घेऊ नका. ती भांडत नाही. ‘बरं’ म्हणते आणि सगळ्यांशी गोड वागायला लागते. पंचक्रोशीला धडकी! आमच्या आत्याबाई एका लग्नात रुसल्या नाहीत, तेव्हा वऱ्हाड असंच धास्तावलं होतं.
‘ट्रोल ब्रिज’ही सोडू नका. म्हातारा योद्धा कोहेन पुलाखालच्या ट्रोलला मारायला येतो, तर तो ट्रोल हरखून बायकामुलांना बोलावतो, ओळख करून द्यायला.

उलटा प्रवाह
पहिलं ‘द कलर ऑफ मॅजिक’ वाचू नका, असं जो तो सांगतो. मी तिथूनच सुरू केलं आणि मजा आली. जुन्या तलवारबाज फँटसीची ती टर आहे. तसली पुस्तकं आधी वाचली असतील तर बिनधास्त घ्या.

मामा
मुलांसाठी ‘द वी फ्री मेन’. नऊ वर्षांची टिफनी धाकट्या भावाला सोडवायला फ्रायपॅन घेऊन परीराणीवर चालून जाते. त्यातल्या निळ्या बुटक्यांची स्कॉटिश बोली भाचीला छापील पुस्तकात झेपेना, स्टीफन ब्रिग्जच्या आवाजात ऐकल्यावर कळली. आता घरभर ‘क्रिवेन्स!’ चालू आहे. बहीण मला फोनवर बोलते.

सर्व्हर खोली
‘गोइंग पोस्टल’मध्ये संदेश पाठवणाऱ्या मनोऱ्यांची साखळी आहे, क्लॅक्स. काम करताना मेलेल्या माणसाचं नाव तिथले लोक मनोऱ्या-मनोऱ्यांतून अखंड फिरवत ठेवतात. अल्झायमर झाल्याचं प्रॅचेटने २००७मध्ये जाहीर केलं, तरी बोलून बोलून लिहीत राहिला. मार्च २०१५मध्ये तो गेला, तेव्हा चाहत्यांनी आपापल्या वेबसाइटच्या हेडरमध्ये, म्हणजे पानासोबत जाणाऱ्या न दिसणाऱ्या ओळींत, त्याचं नाव घातलं. माझ्याही साइटवर आहे. ऑफिसातल्या एका पोराने ‘ही ओळ कसली?’ विचारलं, म्हणून पुस्तक दिलं. पुस्तक अजून परत आलेलं नाही.

पायरी
एकच वाचणार असाल तर ‘स्मॉल गॉड्स’ (१९९२). मागचं-पुढचं काही माहीत असायला नको. थोर देव ओम अवतार घ्यायला जातो आणि कासव होऊन बसतो, कारण एवढ्या मोठ्या पंथात मनापासून मानणारा भक्त उरलाय एकच. अँडी सर्किसने वाचलेलीही छान आहे. आणि फास्ट लोकल ताई, व्हाइम्सचीच ‘नाइट वॉच’ ही कादंबरी इतक्यात लावू नका. त्याची दोन-तीन पुस्तकं आधी होऊ देत.