मदत हवी आहे: पन्हाळ्याला चालत जाऊ, पण निधी मागायला पाय उचलत नाहीत

नमस्कार मंडळी. डायलिसिसवर असलेल्या गरजू रुग्णांसाठी निधी जमवायला आमच्या तालमीची पोरं कोल्हापूर ते पन्हाळा चालणार आहेत. साधारण २० किलोमीटर, शेवटी घाटाचा चढ. त्याची काळजी नाही, पहाटे रंकाळ्याला फेऱ्या सुरू आहेत. अडलंय ते पैशापाशी.

सुरुवातीला घरचे, मित्र, गल्लीतले दुकानदार यांनी हात सैल सोडला. आता मेसेजला निळ्या टिका येतात, उत्तर नाही. 'तुम्ही चालून कुणाची किडनी बरी होणार?' असंही एकानं ऐकवलं. (प्रश्न अगदीच चुकीचा नाही, म्हणून जास्त लागला.) गणपतीची वर्गणी मागताना कधी लाज वाटली नाही, इथं मात्र दारात जीभ अडखळते.

देणगीवर करसवलतीसाठी लागणारी (८०जीची) पावती, ज्या संस्थेला निधी जाणार ती देते. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत नाही, म्हणून चेक किंवा यूपीआय सांगतो. पण नव्या करप्रणालीत ही सवलतच मिळत नाही, मग नोकरदारांपुढे तो मुद्दा काय चालणार!

असा निधी कुणी जमवलाय का? मधल्या मंदीत पोरांचा उत्साह कसा टिकवलात? एकदा नाही म्हटलेल्याकडे परत जावं का? आणि जोडीनं फिरलेलं बरं पडतं का?