शहरातून गावी आलेल्या मुलाला रुळण्यासाठी मदत हवी आहे

आम्ही शहर सोडून कायमचे गावी राहायला आलो आहोत, पण आमचा 9 वर्षांचा मुलगा येथे अजून रुळलेला नाही, म्हणून अनुभवी पालकांचे व शिक्षकांचे मार्गदर्शन हवे आहे. मोकळे अंगण, झाडे आणि गुरे यांचे त्याला कुतूहल आहे. खरी अडचण सोबतीची आहे. येथील मुले बालवाडीपासून एकमेकांना ओळखतात, त्यांचे खेळ, खेळांचे नियम आणि बोलण्याची ढब आधीच ठरलेली आहे, आणि मुलाचे बोलणे वेगळे वाटत असल्याने त्याला नावाऐवजी ‘शहरवाला’ अशीच हाक मारली जाते. शाळेत दोन इयत्ता एकाच खोलीत बसतात, त्यामुळे शिक्षक दुसऱ्या इयत्तेला शिकवत असताना स्वतःचा अभ्यास स्वतः करण्याची सवयही त्याला नव्याने लावावी लागत आहे. रात्रीच्या काळोखाची भीती मात्र हळूहळू कमी होते आहे.

जुन्या मित्रांशी तो रोज व्हिडिओ कॉलवर बोलतो, परंतु त्यानंतर अधिकच उदास होतो. हे बोलणे बंद करणे मला निर्दयपणाचे वाटते. मग त्याचे दिवस ठरवून द्यावेत का? मुलांच्या घोळक्यात त्याला एकदम ढकलण्यापेक्षा आधी एखाद्याच मुलाशी घरी मैत्री जुळवून देणे कोणाला उपयोगी पडले आहे का? हाक मारण्याविषयी शिक्षकांशी बोलल्यास चिडवणे वाढेल का? आणि भूक, झोप किंवा शाळेत जाण्याची इच्छा कमी होऊ लागली, तर समुपदेशकांकडे जाण्यापूर्वी किती काळ वाट पाहावी?