मदत हवी: सीझेडटीवर काऊंट इतके कमी का? सोमवारी सेमिनार!

घाईत_गौरी: न्यूक्लिअर मेडिसिन, दुसरं वर्ष. गॅमा किरण मोजणारे दोन डिटेक्टर, सोडियम आयोडाइडचा क्रिस्टल विरुद्ध सीझेडटी (कॅडमियम झिंक टेल्युराइड हा सेमीकंडक्टर), यांची तुलना करतेय. जिथे वाचावं तिथे सीझेडटी सरस. सोर्स तोच, अंतर तेच २० सेंमी, डिटेक्टरची तोंडं साधारण सारखी, विंडो (मोजायचा ऊर्जेचा पट्टा) २० टक्के. तरी सीझेडटीच्या पीकमध्ये (स्पेक्ट्रममधल्या मुख्य उंचवट्यात) काऊंट, म्हणजे नोंदलेले फोटॉन, सहापट कमी! दोनदा केलं. सीझेडटीचं मॉड्यूल गेलंय का? लवकर सांगा प्लीज.

फोटोपीक: बायस व्होल्टेज (डिटेक्टरला दिलेलं) किती? आयसोटोप कोणता?

निवांत_नाना: मॉड्यूलला काही झालेलं नाही. आमच्याकडे रात्री एसी बंद पडला, सकाळी सोडियम आयोडाइडच्या क्रिस्टलला तडा! सीझेडटी घ्या, सुखी व्हा.

घाईत_गौरी: नानाकाका, घ्यायचं नाहीये, मोजायचंय.

पेटवाला: दोन्ही सोडा. एलएसओ (ल्युटेशियमचा चमकणारा क्रिस्टल) आणि सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर (त्याचा प्रकाश टिपणारा सेन्सर)! एलएसओचा प्रकाश ४० नॅनोसेकंदांत विझतो, सोडियम आयोडाइडला २३० लागतात. सेमिनारमध्ये पेट स्कॅन घाला, सर खूश.

फोटोपीक: एलएसओमधलं ल्युटेशियम-१७६ स्वतःच किरणोत्सर्गी. पेटमध्ये फोटॉनची जोडी एकदम मोजतात म्हणून खपतं. इथे एकेकटा फोटॉन मोजायचाय.

पेटवाला: खपतं म्हणजे? जगभर चालतंय.

सुलभा_के: मध्येच विचारते. आईचा बुधवारी बोन स्कॅन आहे. नातवाला जवळ घेऊ नये म्हणतात, खरं का?

निवांत_नाना: ताई, बोन स्कॅनला देतात त्या टेक्निशियमचं (टेक्निशियम-९९एम) अर्धायुष्य ६ तास. त्या दिवशी कडेवर नको, पाणी भरपूर पाजा. बाकी तिथल्या डॉक्टरांना विचारा.

फोटोपीक: गौरी, आयसोटोप??

घाईत_गौरी: आय-१३१ (किरणोत्सर्गी आयोडीन). थायरॉइड अपटेकच्या (ग्रंथी किती आयोडीन शोषते ते मोजायच्या) सोडियम आयोडाइड प्रोबशीच तुलना केली ना. लिहिलं नव्हतं का?

फोटोपीक: नव्हतं! अगं, त्या प्रोबमधला क्रिस्टल २ इंच जाड असतो. तुझं मॉड्यूल ५ मिमी असणार. आय-१३१चा मुख्य फोटॉन ३६४ केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेचा. ५ मिमी सीझेडटीत त्यातले पावभरच कुठेतरी धडकतात, आणि त्यातलेही बरेच कॉम्प्टन विखुरणाने थोडी ऊर्जा टाकून निसटतात, पीकमध्ये येत नाहीत. टेक्निशियमच्या १४० केईव्हीला तेवढीच जाडी दहातले आठ अडवते. टेक्निशियमवर परत कर, आणि तुलना गॅमा कॅमेऱ्याच्या ९.५ मिमी क्रिस्टलशी. तेव्हा काऊंट नको मोजत बसू, पीकची रुंदी बघ: सोडियम आयोडाइड १० टक्क्यांच्या आसपास, सीझेडटी ५-६. १४०चा टेक्निशियम आणि १५९चा आय-१२३ एकमेकांपासून सुटतात ते त्यामुळे.

घाईत_गौरी: पीक बारीक आहे खरं, पण डावीकडे शेपूट आहे. तीही माझीच चूक?

फोटोपीक: नाही, ती सीझेडटीचीच. होल्स (इलेक्ट्रॉन सुटून मागे राहिलेल्या धन जागा) संथ चालतात, वाटेत अडकतात, चार्ज पुरता गोळा होत नाही. घटना तीच, पण ऊर्जा कमी नोंदली जाते.

निवांत_नाना: आमच्या मशीनवर शेपूटबिपूट कधी दिसली नाही.

फोटोपीक: नाना, इमेज बघता तुम्ही. स्पेक्ट्रम कधी उघडलात?

घाईत_गौरी: पण उद्या रविवार! जनरेटर मिल्क (त्यातून टेक्निशियम काढणं) कोण करणार?

निवांत_नाना: आज सकाळचं काही उरलंय का हॉट लॅबमध्ये (किरणोत्सर्गी औषधांच्या खोलीत)? २४ तासांनी सोळावा हिस्सा राहतो, तुझ्या कामाला पुरे. आधी आरएसओंना (रेडिएशन सेफ्टी ऑफिसर) फोन कर मात्र.