‘फास्ट पावडर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न:
माझा भाचा टेक्सासमध्ये असतो, पिस्तुलाने नेमबाजी करतो. तिथे सराव करणारे बरेच जण वापरलेली काडतुसं फेकत नाहीत, घरीच पुन्हा भरतात. कोणती पावडर घ्यावी यावर त्याने इंग्रजीत टिपणं काढलीत, ती मी तिथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी मराठीत आणतेय. ‘फास्ट पावडर’चं ‘वेगवान भुकटी’ केलं, ‘ग्रेन’चं ‘दाणे’, ‘रीलोडिंग’चं ‘पुनर्भरण’. ‘स्क्विब’ला शब्दच सापडला नाही. ‘दारू’ लिहिलं तर वाचणाऱ्याला बाटली आठवेल, म्हणून टाळलं. चुकतंय का?

प्रतिसाद:
ताई, ‘दारू’ अजिबात टाळू नका. दारूगोळा, दारूकाम, गडावरचं दारूकोठार, मुंबईतला रे रोडजवळचा दारूखाना, सगळीकडे हाच शब्द आहे. फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. आपल्या ‘दवादारू’त तो अर्थ अजून शिल्लक आहे. चिनी भाषेतही या पदार्थाचं नाव ‘आगीचं औषध’ असंच आहे. ‘बारूद’ चुकीचा नाही, पण मराठी वाक्यात तो हिंदीतून आल्यासारखा वाटतो. पहिल्यांदा ‘बंदुकीची दारू’ लिहा, पुढे नुसतं ‘दारू’ चालेल.

‘भुकटी’ मात्र काढाच. हल्लीच्या काडतुसातली दारू भुकटी नसते. तिच्या बारीक चकत्या असतात, मणी असतात किंवा कांड्या. सोरा, गंधक आणि कोळशाची ती ‘काळी दारू’. नायट्रोसेल्युलोजची ही ‘बिनधुराची दारू’. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी ती रायफलसाठी वापरण्याजोगी केली. हे दोन शब्द लेखभर वेगळे ठेवा. काळ्या दारूसाठी बनवलेल्या जुन्या बंदुकीत कुणी बिनधुराची दारू भरली तर नळी फुटू शकते.

आता ‘वेगवान’. हा शब्द मला खरंच धोक्याचा वाटतो. वेगवान दारू म्हटलं की वाचणारा धरून चालतो, गोळी जास्त वेगाने जाणार. तसं नसतं. ‘फास्ट’ हे दारूच्या जळण्याला म्हटलेलं आहे. झटपट जळणारी दारू दाब एकदम चढवते. ती थोडी पुरते, हलक्या धक्क्याच्या सरावाच्या काडतुसांना बरी पडते. सावकाश जळणारी दारू गोळीच्या मागे जास्त वेळ रेटत राहते, म्हणून मॅग्नम रिव्हॉल्व्हरच्या जोरकस काडतुसांत ती घेतात आणि तिथे गोळी उलट जास्त वेगाने सुटते. सावकाश दारूचं माप झटपट दारूला लावलं तर पिस्तूल हातात फुटू शकतं. म्हणून ‘झटपट जळणारी’ आणि ‘सावकाश जळणारी’ असंच लिहा. लांब होतं, होऊ द्या.

‘स्फोट’ही जपून वापरा. ही दारू उघड्यावर भुर्रकन जळून जाते. काडतुसाच्या धातूच्या पुंगळीत कोंडली की दाब वाढतो, दाबाबरोबर जळणं वाढतं. म्हणून काडतुसात दारू ‘जळते’.

दुसरा प्रतिसाद:
‘ग्रेन’ला दाणा नको, ग्रेनच ठेवा. ते वजन आहे: ७००० ग्रेनचा एक पौंड, एक ग्रेन ०.०६४८ ग्रॅम. इंग्रजीत दारूच्या एका कणालाही ‘ग्रेन’च म्हणतात, त्यामुळे ‘इतके दाणे घ्या’ असं छापलं तर कुणी खरंच दाणे मोजायला बसेल. आपल्या मापांशी ताडून बघायचं तर ब्रिटिश अमदानीत तोळा १८० ग्रेनचा ठरला होता. ९६ गुंजांचा तोळा, म्हणजे गुंज पावणेदोन ग्रेनहून किंचित जास्त. ४० कॅलिबरच्या पिस्तुलाला १८० ग्रेनची गोळी सर्रास वापरतात, ती बरोब्बर एक तोळ्याची! मला हे फार आवडतं, पण लेखात ग्रॅम पुरे.

‘स्क्विब’ला शब्द नाही कसा? ‘फुसका बार’. आज आपण तो फक्त राजकारण्यांच्या घोषणांना लावतो, पण शब्द मुळात इथलाच आहे. दारू कमी पडली किंवा भरायचीच राहिली, तर नुसत्या टोपीच्या, म्हणजे दारू पेटवणाऱ्या प्रायमरच्या, जोरावर गोळी नळीत अर्धवट सरकते आणि अडकते. आवाज फुसका येतो. तेव्हा थांबायचं, पिस्तूल रिकामं करून नळी तपासायची. मागून दुसरी गोळी झाडली की नळी गेली. हे वाक्य ठळक छापा.

‘पुनर्भरण’ विहिरींना राहू द्या. ‘काडतुसं पुन्हा भरणं’ म्हणा. केसला ‘पुंगळी’, प्रायमरला ‘टोपी’.

प्रश्न विचारणारी:
‘फुसका बार’ सुचलाच नव्हता! आता ‘डबल चार्ज’? भाचा म्हणतो, दारू निवडताना याचाच विचार आधी करतो.

पहिला प्रतिसाद देणारा:
बरोबर करतो. ‘चार्ज’ला ‘भार’ नको. तो विजेचा वाटतो, वजनाचाही. मोजून घेतलेली दारू ती ‘मात्रा’, आणि एकाच पुंगळीत चुकून दोनदा पडली तर ‘दुबार मात्रा’. दारू मुळात औषध, तेव्हा मात्रा शोभतेच. ३८ स्पेशल हे काडतूस १८९८ सालचं, काळ्या दारूसाठी आखलेलं, त्यामुळे पुंगळी ऐसपैस. बुल्सआयसारखी झटपट जळणारी दारू त्यात तळाशी जेमतेम दिसते, दुबार पडली तरी वर जागा उरते आणि नजरेला कळत नाही. म्हणून नवशिक्याने फुगीर दारू घ्यावी, जी दुबार पडली तर काठावरून सांडेल. ‘फुगीर’ म्हणजे त्याच वजनाला जास्त जागा व्यापणारी. मात्रा किती, ते दारू बनवणाऱ्या कंपनीच्या छापील तक्त्यावरूनच घ्यायचं. भाषांतरात आकडे उतरवू नका, तक्ता बघा एवढंच लिहा.

आणखी एक. अंक इकडेही वाचला जाईल. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत, ही ओळ पहिल्याच परिच्छेदात घाला.

प्रश्न विचारणारी:
घातली. पहिलं वाक्य आता असं झालंय: ‘झटपट जळणारी दारू म्हणजे जोरकस दारू नव्हे.’ भाच्याला फोनवर वाचून दाखवलं. म्हणाला, मावशी, इंग्रजीत मी हे इतकं सरळ लिहिलंच नव्हतं.